पक्कडमामांचा हलका हात

चावीवाल्याच्या दुकानाला लागून एक लांबट खोली होती. आत एक उंच बाकडं, त्यावर रेक्झिनची गादी, खिडकीत तेलाच्या बाटल्या आणि भिंतीशी दोन खुर्च्या. तिथे एक मालिशवाले बसत. कागदोपत्री त्यांचं नाव काहीतरी वेगळंच होतं, पण सगळे त्यांना पक्कडमामा म्हणत. पाठीतली एखादी गाठ एकदा त्यांच्या अंगठ्याखाली आली की तिची सुटका नसे आणि ज्याची पाठ असे त्याचीही. आतून कुणी कळवळून ओरडलं की चावीवाला आपल्या गिऱ्हाइकाला शांतपणे सांगायचा, "घाबरू नका, बरा होतोय तो."

"दुखलं म्हणजे सुटलं," हे मामांचं ठरलेलं वाक्य. तीस वर्षं ट्रकवाले, गवंडी, हमाल त्यांच्या हाताखालून गेले. जाताना लंगडत गेले तरी पुन्हा आले.

एका दुपारी एका गवंड्याची पाठ दाबताना मामांच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कट् असा आवाज झाला. त्या दिवशी ओरडले ते मामा. पालथा पडलेला गवंडी मान वळवून विचारत राहिला, "मामा, माझं काही मोडलं का?"

डॉक्टरांनी फोटो काढला. सांधा पार झिजला होता. सहा आठवडे हाताला पट्टा आणि पुढे जोराचं काम बंद.

"बंद म्हणजे किती दिवस बंद?" मामांनी विचारलं.

"बंद म्हणजे बंद," डॉक्टर म्हणाले.

मामा घरी बसले. दिवसाढवळ्या आपलं घर कसं दिसतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मामी बावीस वर्षं एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलावर उभ्या होत्या. सकाळी आठला जायच्या, चारला परत यायच्या. त्या कामावर गेल्या की मामा उगाच स्वयंपाकघरात घुटमळायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की वरच्या दोन फळ्या रिकाम्या आहेत. सगळे डबे खालच्या फळीवर दाटीवाटीने उभे होते, काही तर जमिनीवर. कपाटाचंही तेच. वरचा कप्पा मोकळा आणि खालच्या कप्प्याचं दार लागत नव्हतं. दोरीवरचे कपडे मामी काठीने काढत. मागच्या वर्षी त्यांनी केस खांद्यापर्यंत कापले होते. "उकडतं," एवढंच म्हणाल्या होत्या.

चारला मामी आल्या तेव्हा मामा फळीसमोरच उभे होते.

"डबे खाली का आणलेस?"

"हाताशी बरे पडतात."

"कधी आणलेस?"

"झालं की वर्ष-दीड वर्ष."

"हात वर जात नाही का गं?"

"जातो तेवढा जातो," मामी म्हणाल्या आणि चपला जागेवर ठेवायला वाकल्या. तेव्हा मामांना दिसलं की उजवा खांदा वाकताना सोबत येतच नाही. तो जणू दुसऱ्याच कुणाचा होता. तीस वर्षं लोकांचे खांदे पाहिलेल्या माणसाला घरातला खांदा दिसला नव्हता.

त्यांनी पट्टा नसलेला डावा हात पुढे केला. "बस इथे. या हातानेही सोडवेन. दोन मिनिटांचं काम."

मामी बाजूला सरकल्या. "नको."

"अगं, हलकेच."

"म्हटलं ना, नको." त्या पाणी प्यायल्या, त्यांनी भांडं पालथं घातलं आणि मग सांगितलं, "लग्नाला चार महिने झाले होते. पाठ दुखते म्हणाले मी. तुम्ही दाबलीत. थांबा म्हटलं, तर म्हणालात, दुखलं म्हणजे सुटलं. आणि हसलात. तीन दिवस मला केस विंचरता आले नाहीत. तेव्हाच ठरवलं, या हाताखाली पुन्हा जायचं नाही."

आवाजात राग नव्हता. अमुक वस्तू अमुक खणात आहे असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. मामांना त्यातलं काही म्हणता काही आठवेना आणि तेच त्यांना जास्त लागलं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

त्यांची लेक दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि वाचनालयात कामाला होती. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये मंगळवार-शुक्रवार एक बाई अंग सैल करणाऱ्या हालचालींचा वर्ग घेत. बाई आधी पोहायला शिकवायच्या. स्वतःची कंबर धरली तेव्हा हे शिकल्या आणि मग तेच शिकवू लागल्या. लेक वडिलांना म्हणाली, "बाबा, घरात बसून आईचे डबे मोजण्यापेक्षा तिकडे जा."

"मी? मालिशवाला? मला कोण शिकवणार?"

"तुमचा अंगठा तुम्हाला दुरुस्त करता आला का?"

मंगळवारी ते गेले. आठ बायका आणि एक मामा. सगळे सतरंजीवर उताणे. बाईंनी गुडघे उभे करायला सांगितले आणि ते जोडीने जरासे एका बाजूला कलते करायला सांगितले. "जेवढं जमतं त्याच्या निम्मंच करा. आणि सावकाश."

मामांनी जन्मात कुठलीच गोष्ट निम्मी केली नव्हती. त्यांनी गुडघे धाडकन जमिनीला टेकवले. शेजारी पडलेल्या एकीने आपली पाण्याची बाटली उचलून दूर ठेवली.

"मामा, निम्मं," बाई म्हणाल्या.

"निम्म्याने काय होणार?"

"बघू या काय होतं. आणि श्वास का धरलाय?"

मामांनी श्वास सोडला. तो बराच वेळ बाहेर येत राहिला.

वर्ग संपल्यावर ते मागे थांबले. "बाई, राग मानू नका. मी तीस वर्षं माणसं रगडलीत. गाठ म्हणजे गाठ. ती फोडावी लागते."

बाईंनी त्यांच्या सदऱ्याचं खालचं टोक चिमटीत धरून हळूच खाली ओढलं. "ओढ कुठे लागली?"

"खांद्यावर."

"आणि मी धरलंय कुठे?"

मामांनी कमरेकडे पाहिलं.

"कातडीखाली असंच एक पातळ वस्त्र असतं," बाई म्हणाल्या. "स्नायूंवर, हाडांवर, सगळीकडे, डोक्यापासून पायापर्यंत सलग. फॅशिया म्हणतात त्याला. मोसंबं सोललं की फोडीवर पांढरा पापुद्रा दिसतो ना, तसं काहीसं. रोज एकाच तऱ्हेने उभं राहिलं, एकच हात वापरला, किंवा मन धास्तावलेलं असलं, की ते आखडतं. दुखतं एकीकडे, ओढ असते दुसरीकडे. वरून जोर लावला की बिचारं अंग घाबरून आणखी आवळून घेतं. म्हणून हात नुसता ठेवायचा आणि थांबायचं."

"किती वेळ?"

"सैल होईपर्यंत. कधी होतं, कधी होत नाही. सगळं काही आम्हालाही कळलेलं नाही, मामा."

मामांना हे शेवटचं वाक्य आवडलं. आजवर त्यांच्या धंद्यात असं कुणीच म्हणालं नव्हतं, ते स्वतः तर नाहीच.

ते जात राहिले. पट्टा निघाला, तरी जात राहिले. बाई त्यांना वर्गानंतर अर्धा तास शिकवू लागल्या. स्वतःच्या मनगटावर तळवा ठेवायचा, कातडी जेवढी आपण होऊन सरकते तेवढीच सरकू द्यायची, पुढे ढकलायचं नाही. पहिल्यांदा त्यांनी बाईंच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा बाई म्हणाल्या, "जड आहे."

"वजन टाकलेलं नाही."

"नाही टाकलंत. पण गाठ शोधताय. शोधू नका."

शोधायचं नाही, हे शिकायला मामांना दोन महिने लागले. घरी त्यांनी मामींजवळ यातलं एक अक्षर काढलं नाही. फक्त रोज सकाळी जमिनीवर पडून गुडघे निम्मे-निम्मे कलते करायचे आणि मामी डबा भरता भरता डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायच्या. एकदा म्हणाल्या, "पेंगुळलेल्या कासवासारखे दिसता." मामा म्हणाले, "कासव शंभर वर्षं जगतं."

एका रविवारी दुपारी मामी खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर ठेवून डाव्या हाताने त्याचा दंड धरलेला. त्या आठवड्यात लाँड्रीत चादरी फार आल्या होत्या. मामा जवळ गेले आणि तीन पावलांवर थांबले.

"मी हात ठेवू का? दाबणार नाही. नको म्हणालीस की उचलेन."

मामींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. या माणसाने 'ठेवू का' असं आजवर विचारलंच नव्हतं. "लगेच उचलाल?"

"लगेच."

"बघू."

मामा मागे उभे राहिले. तळवे एकमेकांवर घासून त्यांनी गरम केले आणि उजवा तळवा मामींच्या पाठीवर, खांद्याच्या हाडाशेजारी ठेवला.

"नको," मामी म्हणाल्या.

हात उचलला गेला. मामा तसेच उभे राहिले. थोड्या वेळाने मामी म्हणाल्या, "ठेवा." त्यांनी ठेवला.

"नको."

पुन्हा उचलला.

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मामींनी मान खाली घातली. "ठेवा," त्या म्हणाल्या आणि या खेपेस पुढे काही बोलल्या नाहीत.

मामांच्या तळव्याखाली ती पाठ फळीसारखी होती. जुन्या सवयीने अंगठा वळवळला. त्यांनी त्याला आवरलं. हात ठेवून ते श्वास घेत राहिले. बराच वेळ काहीच झालं नाही आणि मामांना वाटलं, होणारही नाही. मग कातडीखाली काहीतरी अगदी थोडं, मुंगीच्या पावलाएवढं, बाजूला सरकलं. मामींच्या बरगड्या भरल्या आणि रिकाम्या झाल्या. खांदा बोटभर खाली आला.

"त्या वेळी मी हसलो," मामा म्हणाले. "मला आठवत नाही, पण हसलोच असेन. चुकलं माझं."

मामींचं नाक लाल झालं होतं. "एक सांगू?" त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं मी हेच करते. हट्टी सुरकुती दाबून जात नाही. दाबली की कापड चकाकतं आणि वाया जातं. वाफ द्यायची आणि थांबायचं. मला विचारलं असतंत तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

"विचारायला हवं होतं."

"हं. आता जरा खाली. डावीकडे. नाही, एवढं नाही. हां."

त्यानंतर रोज कामावरून आल्यावर पंधरा मिनिटं ती दोघं खिडकीपाशी असत. कधी मामी 'आज नको' म्हणत आणि मामा चहा टाकायला जात. शुक्रवारी त्याही वर्गाला येऊ लागल्या. मामींचा हात एका महिन्यात कानापर्यंत गेला, तीन महिन्यांत डोक्यापर्यंत. त्याच्या वर तो गेला नाही. डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांच्या मानाने हे पुष्कळ आहे. मामींनाही ते पुष्कळ वाटलं. त्या पुन्हा केस वाढवू लागल्या.

खोलीचं दार मामांनी पुन्हा उघडलं, तेव्हा जुनी गिऱ्हाइकं आली. एक ट्रकवाला दहा मिनिटं पडून राहिला आणि म्हणाला, "मामा, सुरू कधी करणार?" कुणी म्हणालं, मामांचा जोर गेला. निम्मे लोक फिरकेनासे झाले. पण तो गवंडी टिकला. एका दुपारी त्याच्या कमरेवर हात होता तेव्हा तो आपल्या गेलेल्या भावाविषयी बोलू लागला, कुणी न विचारता, बराच वेळ. मामांनी हात हलवला नाही. हळूहळू बायकाही येऊ लागल्या. पूर्वी त्या खोलीत एकही बाई आली नव्हती. चावीवाल्याची तक्रार एवढीच की आतून आवाजच येत नाही, त्यामुळे आत कुणी आहे की नाही ते समजत नाही.

पुढे एका रविवारी सकाळी लेक आईबाबांकडे आली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत पाहते तर आई आणि बाबा जमिनीवर शेजारी शेजारी उताणे पडलेले. तिच्या हातातली पिशवीच गळाली.

"आई! काय झालं? पडलात का?"

"पडलो नाही, पडलोय," मामी म्हणाल्या. त्यांचे गुडघे डावीकडे कलले होते, मामांचे उजवीकडे. "ओरडू नकोस. बाबांचा श्वास चुकतो."

"मला वाटलं…" लेक भिंतीला टेकून उभी राहिली. तिचे खांदे कानाला भिडले होते. वाचनालयात दिवसभर मान खाली घालून बसण्याची ती सवय होती, शिवाय आत्ताचा धसका.

मामांनी ते पाहिलं. जमिनीवरूनच म्हणाले, "बाळ, चपला काढ आणि ये. आईच्या पलीकडे जागा आहे."

"मला कामं आहेत, बाबा."

"असू देत. निम्मा वेळ पड."

मामी मामांकडे सरकल्या. लेकीने चपला काढल्या, ओढणी खुर्चीवर टाकली आणि आईशेजारी पडली. मामींनी आपला उजवा हात उचलून तिच्या कपाळावर ठेवला.