भिंतीपलीकडचं गाणं

"श्वास घ्या. रोखा," काचेमागून तिनं सांगितलं आणि बटण दाबायच्या आत तो माणूस फिस्सकन हसला.

दोन आठवडे खोकला न थांबलेला गृहस्थ होता. एक्स-रेच्या प्लेटला छाती टेकवून, हनुवटी वर करून उभा. हसता हसता त्याला ठसका लागला.

"सॉरी हं बाई. ते गाणं आठवलं. तुम्ही सोड म्हणायला विसरणार नाही ना?"

सकाळपासूनचा हा पाचवा. आधीच्या चौघांना ती काही बोलली नव्हती. आता मात्र ती काचेमागून बाहेर आली आणि त्याचे खांदे धरून तिनं त्याला पुन्हा प्लेटला टेकवलं, जरा जोरातच.

"फोटो हलला तर परत काढावा लागेल. जादा किरण तुमच्या छातीतून जातील, माझ्या नाही. गाणं घरी जाऊन म्हणा."

तो गेला तसं व्हीलचेअर ढकलत मावशी आत आल्या. पेशंटची ने-आण करणाऱ्या या मावशींना कोण कुठे चिडलंय ते न सांगता कळत असे.

"त्याच्यावर कशाला एवढ्या डाफरलात? गाणंच तसं आहे हो. सहा आठवडे झाले, पहिल्या नंबरवरून हलत नाही. माझी सून म्हणते, दोघं खरंच भांडतायत असं वाटतं."

"खरंच भांडत होते," ती म्हणाली.

मावशींना ते काही कळलं नाही. त्या 'तू सोड म्हणायला विसरलीस' गुणगुणत चेअर वळवायला लागल्या.

ते वाक्य तिच्या नवऱ्याचं होतं. सात वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर तो स्वयंपाकघरात म्हणाला होता. त्याला दुसऱ्या शहरात चांगली नोकरी लागत होती. तिला हॉस्पिटल सोडायचं नव्हतं आणि मागच्या खोलीत तिचा धाकटा भाऊ राहत होता, त्याचं शिक्षण अर्धवट होतं. "तुझ्या भावासाठी मी किती वर्षं थांबायचं?" इथून सुरुवात झाली आणि बघता बघता भांडण हाताबाहेर गेलं. "दिवसभर लोकांना सांगतेस, श्वास घ्या, रोखा, सोडा. मला नुसतं रोख म्हणालीस. सोड म्हणायला विसरलीस." तासाभरानं तो बॅग घेऊन गेला तो गेलाच.

भाऊ तेव्हा भिंतीपलीकडे होता. आईच्या मागे तिनंच त्याला वाढवला, तिच्याहून बारा वर्षांनी लहान. सदा कीबोर्डवर वाकून चाली बसवणारा, कानांवर हेडफोन. त्याला काही ऐकू गेलं नसणार, एवढाच त्या दुपारचा तिला दिलासा होता.

मग दीड महिन्यापूर्वी बसमध्ये तिनं ते गाणं ऐकलं. पुरुषाच्या आवाजात नवऱ्याची वाक्यं, बाईच्या आवाजात तिची. 'टॉवेल ओला, चादर कोरडी, तू निघालास की पोचलास?' हेसुद्धा तिचंच, तो घरात असून नसल्यासारखा वागायचा त्यावरचं. मधे मधे एक्स-रे मशीनची घरघर आणि टक्. गेल्या वर्षी भाऊ हॉस्पिटलमध्ये येऊन ती टेप करून गेला होता. "गंमत म्हणून गं ताई," म्हणाला होता. ती दोन स्टॉप आधीच उतरून गेली. तेव्हापासून तिनं त्याचा फोन उचलला नव्हता.

मावशी गेल्या आणि तिचा मोबाईल वाजला. पूर्वीचा नवरा होता. एरवी तो फक्त लेकीला फोन करायचा.

"तू सांगितलंस त्याला?"

"मी? मी कशाला सांगू?"

"माझ्या ऑफिसात चहाला उभं राहायची सोय नाही. ही पण घरात तेच गाणं म्हणते. पोळ्या लाटताना." ही म्हणजे त्याची दुसरी बायको. "तिला माहीत नाही, कोणाचं भांडण आहे ते."

"मग सांगून टाक."

"हलकट आहे तुझा भाऊ."

"आहे," ती म्हणाली. किती वर्षांनी दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं.

तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि युनिफॉर्मवरच भावाचा स्टुडिओ गाठला. जिना उतरून खाली एक थंडगार खोली, भिंतींना करडा फोम. तिला पाहून तो खुर्चीतून उठलाच.

"ताई! कधीचा फोन करतोय तुला. बस ना. चहा सांगू?"

"गाणं कसं केलंस ते सांग."

त्याला ते कौतुक वाटलं. चेहरा खुलला. सांगायला लागला, की दोघं गायक वेगवेगळ्या दिवशी येऊन गेले, एकमेकांना भेटलेसुद्धा नाहीत. ती गायिका भलतीच गोड गात होती, राग येईचना. "मग तिला म्हटलं, माईककडे अर्धी पाठ कर. भांडी घासताना बोलतेस असं गा. झक्कास आलं! लोकांना तेच आवडतं बघ. समोरासमोर नाही, पाठ फिरवून भांडणं. प्रत्येकाच्या घरात तसंच असतं."

"मी पाठमोरी होते, हे तुला कसं कळलं?"

"तुझा आवाज आधी टाइल्सवर आपटून मग येत होता. म्हणजे तू..." तो थांबला.

"हेडफोन होते ना कानांवर?"

"गळ्यात होते."

"आणि हातात?"

त्यानं हात खिशात घातले.

"हातात काय होतं रे?"

"वही," तो म्हणाला. "सगळं नाही लिहिलं, ताई. विसरायला नको म्हणून..."

ती इतका वेळ उभीच होती. आता तिचा आवाज चढला आणि फोमनं तो गिळून टाकला, त्याचा तिला आणखी संताप आला.

"तुझ्या खोलीपासून ओटा किती लांब होता? अकरा पावलं. दार उघडून बाहेर आला असतास, ताई भूक लागली एवढं जरी म्हणाला असतास, तरी आम्ही गप्प झालो असतो. तुझ्यासमोर आम्ही कधी भांडलो नाही. तुझ्यापायी चाललं होतं सगळं, आणि तू आत बसून लिहून घेत होतास!"

"मी बाहेर आलो असतो तर तो राहिला असता?"

"मला काय माहीत? तू कळू दिलंस का?"

त्याचे डोळे भरले. लहानपणी मार खायच्या आधीच त्याचे डोळे भरायचे. पूर्वी तिला दया यायची.

"लोक रडतात गं ऐकून. एक जोडपं वेगळं होणार होतं, ते शेवट ऐकून परत एकत्र आलं. मला लिहून कळवलंय त्यांनी."

"कुठला शेवट? दोघं गळ्यात गळा घालून एका सुरात गातात तो? असं कुठं झालं होतं?"

"गाणं कुठंतरी संपवावं लागतं, ताई. पुढच्या आवृत्तीत तुझं नाव टाकतो. ताईला अर्पण असं."

"नाव टाकलंस तर हात मोडून ठेवीन. या हाताला धरून शाळेत सोडलंय तुला, पण मोडीन."

ती दाराशी पोचली तेव्हा तो मागून हळूच म्हणाला, "एक ओळ मी घातली नाही. तुला माहीत आहे कुठली."

तिला माहीत होतं. तिनं दार आपटायचा प्रयत्न केला, पण ते जाड दार आपटतही नव्हतं.

घरी लेक स्वयंपाकघरात टेबलाशी अभ्यास करत बसली होती. चौदा वर्षांची झाली होती. आईकडे न बघताच म्हणाली, "गॅदरिंगमध्ये मी ते गाणं म्हणणार नाही. सरांना सांगून आले."

"का गं? किती दिवस तालीम करत होतात."

"तुमचं भांडण आहे ते. मला आठवतं."

"तू झोपली होतीस तेव्हा."

"नाही. टेबलाखाली होते." लेकीनं पेनाचं टोपण लावलं. "मामानं एक गाळलंय. तू बाबांना म्हणालीस, हिला पण घेऊन जा, मला कोणी नको."

तिला म्हणता आलं असतं, की तू लहान होतीस, तुझी ऐकण्यात चूक झाली. तिनं ओट्याचा आधार घेतला.

"म्हणाले होते."

"माहीत आहे."

"रागात म्हणाले, म्हणून खोटं होतं असं नाही सांगत. त्या क्षणी खरंच वाटलं होतं. पुढच्या क्षणी नाही."

लेकीनं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही.

"कुठं बसली होतीस?"

लेकीनं बोटानं दाखवलं. खुर्ची सरकवून ती खाली वाकली, गुडघे कुरकुरले, तशीच सरपटत टेबलाखाली जाऊन बसली. तिथून फरशी दिसत होती, ओट्याखालचं कपाट आणि दाराची चौकट, कमरेपर्यंतच.

"इथून नुसते पाय दिसतात," ती म्हणाली.

"हो. बाबांचे दारापर्यंत गेले. मग दोन पावलं परत आले."

"परत आले?"

"दोनच. थोडा वेळ उभे होते. मग गेले. तुला दिसलं नसेल."

ती चौकटीकडे बघत राहिली. लेक खुर्चीवरून उतरली आणि खाली तिच्या शेजारी शिरली. दोघींना तिथं जागा पुरत नव्हती. तिनं आपले पाय बाहेर काढले आणि लेकीला आत घेतलं.