कडूबा मामांचं घड्याळ

घड्याळ विझलं तेव्हा सुचिता शेवटच्या वळणावर होती.

कडूबानं मनगट डोळ्यांजवळ नेलं, बटण दाबलं, पुन्हा दाबलं. काळा पडदा काळाच राहिला. पावलांचा आवाज जवळ आला, फक्कीच्या रेषेवरून गेला आणि थोडा पुढे जाऊन थांबला. सुचिता गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती.

"मामा, किती?"

बाकीच्या पाच जणीही त्याच्याकडे पाहत होत्या. पोलीस भरतीत मुलींनी आठशे मीटर दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत काढले, तर पूर्ण गुण. सुचिता चार महिने त्या पन्नासच्या पलीकडेच अडकली होती. आज मात्र ती कधी नव्हे अशी धावली, एवढं कडूबाला ऐकू आलं होतं.

"दोन अठ्ठेचाळीस," तो म्हणाला.

पोरींनी मैदान डोक्यावर घेतलं. सुचिता तिथंच मातीत बसली आणि रडायला लागली. तिला रडताना ऐकल्यावर तोंडातून गेलेला आकडा परत घेणं कडूबाला जमलं नाही. त्यानं शर्टाची बाही घड्याळावर ओढली आणि शाळेची घंटा द्यायला निघून गेला.

कडूबा पिंपळगाव राजातल्या एका शाळेत शिपाई होता. तरुणपणी त्याची स्वतःची भरती उंचीत अर्ध्या इंचानं हुकली होती. मग कधीतरी एका मुलीनं विचारलं, "मामा, मले धावणं शिकवता काय?" तेव्हापासून एकोणीस वर्षं तो शाळा भरण्याआधी मैदानावर फक्कीनं चार पट्टे आखत आला होता. तेवीस पोरी त्याच्या हाताखालून पोलिसात गेल्या. त्यातली वैष्णवी अकोल्याला शिपाई होती. दिवाळीला तिनंच हे खेळाडूंचं घड्याळ आणून मामांच्या मनगटावर बांधलं.

"दुकानात दोन प्रकारचे होते, मामा," ती म्हणाली होती. "एकाचा पडदा कागदासारखा फिका. उन्हात चांगला दिसते आन चार्जिंग वीस वीस दिवस पुरते. पन मले वाटलं, तुमाले हा झगमग पडदाच बरा. आकडे कसे मोठे दिसतात, पाहा. फकस्त उजेड कमी ठेवा, म्हणजे पाच-सहा दिवस पाहाणं नाही."

"हाव," कडूबा म्हणाला होता. उजेड कमी केला की पडद्यावर राखेसारखं काहीतरी हलतं, आकडे दिसतच नाहीत, हे त्यानं तिला सांगितलं नव्हतं. साखरेनं त्याच्या डोळ्यांचे पडदे खाल्ले होते. उजव्या डोळ्याला मधोमध धुकं होतं, डावाही त्याच वाटेवर होता. खामगावच्या डॉक्टरांनी तसं सांगितलं, तेव्हा सोबत फक्त बायको होती, शालूबाई. मैदानावर कुणाला कळू द्यायचं नाही, असं त्यानं तिला बजावलं होतं. वेळ न दिसणाऱ्या माणसाकडे धावायला कोण येणार?

म्हणून तो पडदा पुरा उजळ ठेवायचा, दिवसभर पेटता. मग घड्याळ जेमतेम एक दिवस टिकायचं. त्या आठवड्यात गावात वीज सारखी जायची, चार्जिंग पुरं व्हायचं नाही, आणि घड्याळ नेमकं सुचिताच्या धावेत विझलं. पुन्हा तसं होऊ नये म्हणून कडूबानं घाबरून उजेड कमी केला. आता घड्याळ दिवसेंदिवस चालू राहायचं, पण त्याला त्यातलं काही दिसायचं नाही. बटणं तो बोटांनी चाचपून दाबायचा आणि पावलांच्या अंदाजानं आकडा सांगायचा. एखाद्या पोरीला वाचायला सांगितलं असतं, तर दोन क्षणांचं काम होतं. तेवढंच त्याच्यानं होत नव्हतं.

"दोन एकोणपन्नास." "दोन सत्तेचाळीस." सुचिताला तो कधी पन्नासच्या वर सांगू शकला नाही.

भरतीची तारीख आली. बुलढाण्याच्या मैदानावर, अकरा दिवसांनी. त्या सकाळी सुचिता म्हणाली, "मामा, आता रोज पुरे आठशे नाही धावत मी. वेळ तं बसलीच हाये. पायाले आराम देतो."

कडूबा घरी आला आणि जेवायला बसलाच नाही. शालूबाईनं ताट वाढून झाकून ठेवलं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "काऊन हो, काय झालं?"

त्यानं सगळं सांगितलं. ती पदरानं हात पुसत राहिली.

"डोये गेले तं चालन," शेवटी ती म्हणाली. "म्या हाये. पन जबान नोका जाऊ देऊ. जा, त्या पोट्टीले सांगून या."

सुचिताचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. ती अंगणात कपडे वाळत घालत होती. मामांना दारात पाहून तिनं लगबगीनं खुर्ची आणली. कडूबा बसला नाही.

"सुचिता, त्या दिवशी घड्याळ बंद पडलं होतं. दोन अठ्ठेचाळीस मी मनानं सांगतलं. आन त्याच्यानंतरचे सगळे बी. मले आकडे दिसत नाही, बाई. लय दिवसापासून दिसत नाही."

तिच्या हातातला कपडा तसाच राहिला.

"मंग मी कितीत धावून राह्यली?"

"मले माईत नाही."

"मामा, दहा-अकरा दिवस राह्यले!" तिचा आवाज चिरकला. "मी मायले सांगून ठेवलं, आपलं काम झालं म्हणून. एक शब्द बोलाचा होता तुमी. मी वाचलं असतं ना घड्याळ. इतकी बी भरोशाची नाही काय मी?"

कडूबानं मनगटावरचं घड्याळ सोडून तिच्या हातात दिलं. दुसरं त्याच्याजवळ काही नव्हतं. मान खाली घालून तो परत निघाला. रस्त्यात दोनदा ठेचकाळला.

संध्याकाळी दिवेलागणीला दारात सुचिता उभी होती. शालूबाईनं आत बोलावलं, पण ती उंबऱ्यातच बसली. घड्याळ तिच्या हातात होतं.

"ह्याच्यात सगळं लिहून राह्यते, मामा," ती म्हणाली. आवाजात अजून राग होता. "उजेड कमी असला तरी. तुमी बटन दाबलं, ते सगळं हाये. फकस्त बंद पडलं त्या दिवसाचं नाही. वाचून दाखवू?"

"वाच."

"दोन छप्पन्न. दोन पंचावन्न. दोन अठ्ठावन्न. दोन छप्पन्न."

प्रत्येक आकड्याला कडूबा मान हलवत होता. खरे आकडे इतके दिवस त्याच्याच मनगटावर होते. वाचून संपल्यावर सुचितानंच विचारलं, "त्या दिवशी मी खरंच चांगली धावली होती काय, का तेबी मनानंच?"

"नाही, ते खरं. वेळ माईत नाही, पन पाय खरे होते. बाकीच्या दिवशी तिसऱ्या फेरीत तुही टाच आधी आपटते. धप्प वाजते. त्या दिवशी नाही वाजली. कानाले कळते मले."

"मंग हे आधी काऊन नाही सांगतलं?"

"आकडा सांगाच्या भीतीनं आवाजाचं सांगाचं ध्यानच राह्यलं नाही."

सुचिता उठली. "उद्या साडेपाचले येतो," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून घड्याळ तिच्या मनगटावर होतं. तिनं पडदा विझवूनच टाकला. फेरी संपली की घड्याळ नुसतं थरथरायचं. कडूबा वळणावर उभा राहायचा, डोळे मिटून. "टाच!" तो ओरडायचा. "आता हात सोड! श्वास!" धाव संपली की सुचिता पडदा उजळायची आणि मोठ्यानं वाचायची. पंचावन्न. चोपन्न. चोपन्न. बावन्न. बाकीच्या पोरींनाही तिनंच सांगून टाकलं होतं, की मामांना दिसत नाही. एकही पोरगी यायची थांबली नाही. उलट आपापल्या पायांचा आवाज कसा येतो, ते विचारायला त्या त्याच्याभोवती गोळा व्हायला लागल्या.

भरतीच्या दिवशी पहाटेच्या बसनं दोघं बुलढाण्याला गेले. वर घाटावर हवा गार होती. आत फक्त उमेदवारांना सोडत होते. कडूबा कुंपणाबाहेर इतर आई-बापांत उभा राहिला. शिट्टी झाली. वीस-बावीस जणींच्या पावलांचा एकच लोंढा उठला, आणि त्यात त्याला सुचिता सापडेना. सगळे पाय सारखेच वाजत होते. त्यानं कुंपणाची तार घट्ट धरली. माणसं ओरडत होती, आणि त्याला काहीच ऐकू येत नव्हतं, काहीच दिसत नव्हतं. तो नुसता उभा राहिला.

तासाभरानं ती बाहेर आली. छातीवरचा क्रमांक तसाच लावलेला होता.

"दोन बावन्न," तिनं जवळ येत सांगितलं. "दोन गुण गेले, मामा."

त्या दोन सेकंदांनी काय गेलं, ते त्यांना दीड महिन्यानं, यादी लागल्यावर कळणार होतं. यादीत तिचं नाव शेवटून सातवं होतं, पण होतं. त्या क्षणी मात्र तिला काहीच माहीत नव्हतं. तिनं अठ्ठेचाळीस म्हणून सांगितलं असतं, तरी कडूबाला तेव्हा कळलं नसतं.

"बावन्न म्हणजे चांगले हायेत," तो म्हणाला. "शेवटच्या फेरीत टाच?"

"नाही वाजली."

"मंग झालं."

मैदानासमोरचा रस्ता गाड्यांनी भरून गेला होता. रस्त्याच्या कडेला येऊन सुचिता थांबली, थोडी डावीकडे सरकली. कडूबानं हात पुढे केला, चाचपडला, आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या खांद्यावर तळवा ठेवून रस्ता ओलांडायला लागला. ती त्याच्या चालीनं, हळू चालत होती.