प्रौढांची परीक्षा

सवलत या शब्दाचाच मार्लिस एंगस्ट्रॉमला तिटकारा होता. अमेरिकेतल्या डुलुथ शहराच्या क्लबात ती तीस वर्षं बर्फावरच्या स्केटिंगची परीक्षक होती. मुलामुलींची नियमित परीक्षा तीच तिच्या लेखी खरी. मोठ्या वयात शिकणाऱ्यांसाठी वेगळी परीक्षा निघाली, तीत पास व्हायला गुण कमी लागतात हे कळलं, तेव्हा तिने नाक मुरडलं ते मुरडलंच.

त्या शनिवारी व्हर्ना पेल्टो बर्फावर उतरली. वय एकसष्ट, शाळेची बस चालवणारी. प्रौढांची शेवटची, सुवर्ण पायरी तिला चढायची होती. तिने वळणं सावकाश, पण स्वच्छ घेतली. एकदा पाऊल डगमगलं, तेही सावरलं. तीन परीक्षकांपैकी ओडेलने तिला पास केलं, दुसऱ्याने नाही. मार्लिसने लिहिलं, 'पुन्हा प्रयत्न', आणि दोन विरुद्ध एक मतांनी व्हर्ना नापास झाली.

कॉफी घेताना ओडेलने विचारलं, "कुठल्या मापाने मोजलंस गं तिला?"

"माझ्या. सोळाव्या वर्षी मी एवढ्याशाच चुकीवर नापास झाले. मला कुणी सूट दिली होती?"

"म्हणून तिच्यावर राग काढलास? तुझी हाडं तेव्हा सोळाची होती, बाई. तिला साठीत जे जमतं ते बघायला ही परीक्षा आहे. ती पटत नव्हती, तर परीक्षकाच्या खुर्चीत बसलीस कशाला?"

मार्लिसने कप खाली ठेवला. ती बाहेर आली. व्हर्ना बुटांच्या नाड्या सोडत होती.

"महिन्याभराने पुन्हा बस परीक्षेला," मार्लिस म्हणाली. "होशील पास."

"सोमवारी खुब्याचं ऑपरेशन आहे, मॅडम. डॉक्टरांनी यापुढे बर्फ बंद केलाय." व्हर्ना कसंनुसं हसली. "तुम्ही कडक आहात म्हणतात सगळे. म्हणून तर तुमच्याच हातून पास व्हायचं होतं मला."

मार्लिस तशीच आत धावली. पण सही झालेला कागद बदलत नाही, हा नियम तिनेच वर्षानुवर्षं सर्वांना ऐकवला होता. कागद केव्हाच पाकिटात बंद झाला होता. खुर्चीत बसून ती रडली. त्या रडण्याचा व्हर्नाला काडीचा उपयोग नव्हता!

मंडळी, उशिरा शिकायला लागलेलं कुणीतरी तुमच्या-माझ्या ओळखीत असतंच. त्यांना वेगळं माप लावणं ही भीक नव्हे, तो साधा न्याय आहे. आपल्या जुन्या अपयशाची वसुली त्यांच्याकडून करू नका. पुन्हा प्रयत्न करायला त्यांच्यापाशी फार दिवस नसतात.