जर्मनचं पातेलं

झरीच्या कमलबाईंचा सुनेवर एकाच गोष्टीचा राग होता. ही पोरगी उलटून बोलतच न्हाई! भाकर जाड झाली म्हणा, माहेराला नावं ठेवा, नीलमच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नव्हती. एवढी गप्प बाई सरळ असती व्हय? हिच्या पोटात नक्की कायतरी शिजायलंय. त्यात ती परभणीच्या कॉलेजात धातूंच्या गंजावर संशोधन करायची. चांगल्या घरची बाई गंजात कशाला डोकं घालील?

त्या दिवशी कमलबाई अंगणात ॲल्युमिनियमचं, म्हणजे आपलं जर्मनचं, पातेलं राखेनं खसाखसा घासत होत्या. डोळा मात्र सुनेवर.

"ह्याला का गं गंज चढत न्हाई?" त्यांनी खडा टाकून पाहिला.

"चढतो की, आत्याबाई. पण त्याचा पातळ थर बसतो, अन् तोच पातेल्याला जपतो. घासून काढला तरी हवा लागली की लगेच नवा येतो."

"अन् रोजच घासलं तर?"

नीलमनं त्यांच्या हातातलं पातेलं घेतलं, उजेडात धरलं.

"नवा थर दर वेळी पातेल्यातूनच येतो, आत्याबाई. ते झिजत जातं. वरून लय चकाकतं, म्हणून कुणाला कळत न्हाई."