थंडीने सांधलेला कमठा

मित्रांनो, शेगडीच्या वरच्या खुंटीला टांगलेला, मुठीपाशी चामड्याची पट्टी बांधलेला हा जो म्हातारा कमठा, म्हणजे शिकारीचे धनुष्य, दिसतो आहे, तो मी. वय विचारू नका. माझ्या पहिल्या बाणाने ज्या झाडाची साल उडवली होती, त्या झाडाचे सरपणसुद्धा जळून संपले, एवढे सांगतो.

माझा जन्म दूर उत्तरेच्या बर्फाळ मुलखात, ओलेक्मा नदीकाठच्या अरण्यातला. चोकोल नावाच्या शिकाऱ्याने मला घडवले. सरळ झाडाच्या लाकडाला ताण सोसण्याची सवय नसते, म्हणून त्याने शोधून शोधून उतारावर वाकलेला लार्च निवडला. त्याच्या पाठीवर भूर्जाची पट्टी बसवली. दोघांच्या मध्ये माशाच्या कातडीचा डिंक, आणि वरून भूर्जाच्या सालीचा अंगरखा. चोकोलची बायको सोलकोन हिने तो डिंक तोंडात चघळून मऊ केला होता. तेव्हा माझ्या हाडामांसात तिची थुंकी आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे.

माझी थोरवी मी स्वतः सांगणे बरे दिसत नाही. पण दुसरे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. एकदा मी सोडलेला बाण इतका दूर गेला, की तो सापडला तेव्हा त्यावर एका पाखराने घरटे बांधून पिल्लेही उडवली होती. खोटे वाटत असेल तर त्या पाखराला विचारा.

असो. सांगायची गोष्ट वेगळीच आहे.

त्या वर्षी थंडी अशी पडली, की तंबूतून निघालेला धूर आकाशात खांबासारखा ताठ उभा राही आणि खारी त्यावरून चढउतार करीत. वस्तीत तीन तंबू, खाणारी तोंडे अकरा. मांस उरले होते दोन दिवसांचे. पाळीव रेनडियर होते. पण त्यांना मारले तर वसंतात तंबू कोणाच्या पाठीवर लादायचे? शेजारी लामुंका याच्याकडे बंदूक होती, पण दारू संपलेली. बर्फ वितळून व्यापारी येईपर्यंत ती बंदूक म्हणजे नुसती काठी. सगळी भिस्त माझ्यावर.

आमच्याकडे शिकारीला निघताना सावजाचे नाव घेत नाहीत. अरण्याला कान असतात. म्हणून चोकोल संध्याकाळी एवढेच म्हणाला, "सकाळी जरा पाय मोकळे करून येतो."

लामुंका दारातच बसला होता. तो खवचटपणे हसला. "पाय मोकळे कर, चोकोलदा, पण त्या म्हाताऱ्याला ताणू नकोस. गारठून काडी झालाय तो. कडकन मोडेल आणि तुझ्याच कानफटात बसेल."

"तुझ्या बंदुकीसारखा मुका नाही अजून," चोकोल म्हणाला. पण शब्द त्याच्या मनाला लागला होता.

मित्रांनो, कमठा हिवाळ्यात बाहेरच टांगायचा, हा आमच्या रानातला नियम शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. चोकोलने तर तो चाळीस वर्षे पाळलेला. पण त्या दिवशी माझी दया येऊन त्याने मला आत नेले आणि चुलीजवळ ठेवले. वरून अस्वलाची चरबीही चोळली. मला काय सुख वाटले म्हणून सांगू! अंगावर गोठलेले दव वितळले, सालीच्या शिवणीतून आत झिरपले. मी घामाने डबडबलो आणि मूर्खासारखा खूश झालो.

सकाळी चोकोल मला घेऊन बाहेर पडला. दहा पावले गेला असेल, तोच 'टच्' असा आवाज झाला. आत शिरलेले पाणी गोठून फुगले होते. मुठीच्या वर चार बोटांवर मला तडा गेला.

चोकोलने हातमोजा काढून तड्यावरून बोट फिरवले.

सोलकोन तंबूतून डोकावली. तडा पाहिला, नवऱ्याकडे पाहिले. "आत ठेवलात ना ह्याला? अहो, मी तुम्हाला चुलीपाशी घेते, कारण तुम्ही माणूस आहात. हा माणूस आहे का?"

"आता डिंक लावला तर वाळायला चार दिवस," चोकोल पुटपुटला. "आणि मांस दोन दिवसांचं."

"वाळायला कशाला हवा?" एवढे बोलून ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तिचे दोन्ही गाल फुगले होते. तोंडात कच्च्या चामड्याची लांब पट्टी होती; ती चघळत होती.

लामुंका जवळ येऊन म्हणाला, "वा! वहिनी गप्प बसलेल्या मी आज पहिल्यांदा पाहतोय. असा तडा रोज जायला हवा."

तिने डोळ्यांनीच त्याला असे भाजले, की तो दोन पावले मागे सरला. मग हातमोजे काढले. त्या थंडीत उघडे हात म्हणजे जळता निखारा धरणे! तिने तोंडातून पट्टी ओढत ओढत माझ्या तड्यावर करकचून गुंडाळली. प्रत्येक वेढा बसता बसता गोठत होता. शेवटचा वेढा बसला तेव्हा पट्टी लोखंडासारखी झाली होती आणि सोलकोनची बोटे पांढरी पडली होती. तिने ती नवऱ्याच्या बगलेत खुपसली आणि म्हणाली, "एकदाच ताणा. आणि ह्याच्यावर उसासे टाकू नका, वितळेल."

चोकोलने बर्फावरून घसरत जायच्या, कातड्याने मढवलेल्या फळ्या पायांना बांधल्या. दुपारी नदीच्या वळणावर, विलोच्या झुडपांत तो दिसला. आता नाव घेतो, काम झाले आहे: मूस होता, हरणाच्या जातीतला सर्वांत थोराड, घोड्याहून उंच. चोकोलने श्वास कोंडून मला ताणले. अंगातला प्रत्येक तंतू ओरडू पाहत होता. पण मी कुरकुरलो असतो तर अकरा माणसे उपाशी मेली असती. मी गप्प राहिलो. माझ्या आयुष्यात मी पार पाडलेले सर्वांत अवघड काम ते, कारण बोलण्याची मला फार हौस.

मूसने कान उचलला, तेवढ्यात बाण पोचला.

आमच्यात मारणारा आपली शिकार आपण वाटत नाही. दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. चोकोल वस्तीत आला आणि सरळ लामुंकाला म्हणाला, "नदीच्या वळणावर तुझं काहीतरी पडलंय. जाऊन आण."

लामुंकाचे तोंड पाहण्यासारखे झाले. त्याने मांस आणले, तिन्ही तंबूंत वाटले. यकृताचा उत्तम तुकडा मात्र तो सोलकोनकडे घेऊन गेला. "वहिनी, बोटं शाबूत आहेत ना?"

"आहेत. तुझे कान उपटण्यापुरती."

पुढे बंदुका वाढल्या, मला कोणी विचारीनासे झाले. आता सोलकोनची नात मला सांभाळते. रोज धूळ पुसते, चरबी चोळते, आणि मायेपोटी शेगडीच्या वर उबेत ठेवते. तिची माया खरी आहे. पण माझा डिंक सुटत चालला आहे.

मित्रांनो, ज्याची काळजी घ्यायची, त्याला काय सोसवते हे आधी विचारावे. हिवाळ्यात आमच्याकडे आलात, तर एवढे करा: मला खुंटीवरून काढून बाहेर, उत्तरेच्या वळचणीला टांगा. पांघरूण घालू नका. मला सर्दी होत नाही.