आभाळ पास

बाळारामशेठने अंजूरची जमीन गोडाऊनवाल्याला विकली, भिवंडीत कामतघरला कापडाचे चोवीस यंत्रमाग, म्हणजे लूम, टाकले आणि सत्त्याण्णव साली, शेजारच्या कारखानदाराने घेतला म्हणून, कॉम्प्युटर घेतला. तो चालवायला मला ठेवलं. शेठला त्यात रस होता तो फक्त विमान उडवायच्या खेळात. पत्रं छापायची राहिली तरी चालत, विमान रोज उडालं पाहिजे. ते रोज पडायचंही.

त्या दुपारी शेठने नवीच तक्रार काढली. खेळातलं आभाळ फार स्वच्छ आहे. इथे सुताला खळ देणाऱ्या सायझिंग कारखान्यांच्या धूर ओकणाऱ्या चिमण्या आहेत, हवेत कापूस उडतोय, असं धुतलेलं आभाळ कुणाच्या बापाने पाहिलंय? मी हवामानाचा मेनू उघडून दाखवला. किती मैलांवरचं दिसावं, धुरकं किती दाट असावं, सगळं ठरवता येत होतं. शेठ खूश झाला. पण भिवंडीइतकं धुरकट म्हणजे नक्की किती, हे सांगायला त्याने माझ्या बाबांना बोलावून घेतलं.

कारण बाबा, पंढरीनाथ, त्याच कारखान्यात तागे तपासत. विणलेलं कापड उजेडासमोर धरायचं, तुटलेला धागा, तेलाचा डाग शोधायचा आणि 'पास' म्हणायचं. वीस वर्षं, आधी दुसऱ्या कारखान्यांत आणि मग इथे, त्यांचा शब्द शेवटचा. फक्त गेल्या वर्षभरात मोतीबिंदूने त्यांना नीट दिसत नव्हतं, आणि हे त्यांना नि मला सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. ते बोटांनी कापड चाचपत आणि उजेडाकडे बघायचं नाटक करत. ऑपरेशनचं नाव काढलं की दोन दिवस जेवत नसत. शेठ वाईट माणूस नव्हता, पण डोळे गेलेला तपासनीस कोण ठेवील?

बाबा येऊन पडद्यासमोर बसले. मी मनातल्या मनात शेठला चार शिव्या हासडल्या. तो टेबलापलीकडे पान लावत होता, तिथून त्याला कॉम्प्युटरची नुसती पाठ दिसत होती. मी ठरवलं, बाबा म्हणतील त्याला हो म्हणायचं.

दहा मैलांपर्यंतचं दिसेल असं मी ठेवलं, तर बाबा म्हणाले, धूर जास्त झाला. धावपट्टी लख्ख दिसत होती. मी म्हटलं, बरोबर. तीन मैलांवर त्यांना आभाळ निवळल्यासारखं वाटलं. तेही बरोबर. मग बाबांचा आवाज चढत गेला, पाठ ताठ झाली, एक हात कमरेवर गेला. किती तरी दिवसांनी त्यांना असं बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पाव मैलावर सगळा पडदा पांढराफटक झाला, आणि बाबा बोट रोखून म्हणाले, "आता बग. ही चिमनी, तो मागं डोंगर. हीच आपली भिवंडी. पास."

शेठ पान तोंडात टाकून कौतुकाने उठला. मेनू बंद करायला मला वेळच मिळाला नाही. त्याने पडद्याकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं, आणि पान चघळायचा थांबला.

"पंढरी," तो म्हणाला, "हितं कायच दिसत न्हाय. कुनालाच न्हाय."

बाबांनी हात पुढे करून पडद्यावरून बोटं फिरवली, ताग्यावर फिरवत तशी. काच गुळगुळीत होती. शेठ हळू आवाजात सांगू लागला की उद्यापासून घडी घालणारा लहानू तागे बघेल, ठाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे शेठचीच गाडी नेईल, काळजी करू नकोस. इतका चांगला वागला की मला त्याचा आणखीच राग आला.

बाबांनी त्यातलं काहीच ऐकलं नाही. ते माझ्याकडे वळले.

"बकुळे, तू बरोबर म्हनत व्हतीस ना? मला वाटलं, डोळं सुधारलं."