व्हिएन्नाचा म्हातारा आणि रशियन बाई

अविनाशला पियानोतलं फारसं कळत नाही, ही गोष्ट त्याच्या घरात कधीच गुपित नव्हती. कळायचं ते त्याच्या बायकोला, मेधाला. लहानपणी पुण्याच्या कॅम्पात शेजारच्या गोवेकर बाईंकडे ती पियानो शिकली होती. पुढे हात सुटला, पण कान सुटला नाही. लग्न होऊन हैदराबादला आली, कुकटपल्लीत फ्लॅट झाला, मुलगा अनिकेत झाला, शिकून अमेरिकेला गेला, आणि या सगळ्यात दर रविवारी सकाळी त्या घरात पियानो वाजत राहिला. अविनाशकडे एकच खातं होतं, मशीनचं. रेकॉर्ड लावायची, कव्हर लपवायचं आणि मुकाट बसायचं. हे काम तो इमानेइतबारे करायचा.

भांडायला मेधाला शिवराज होता. शिवराज इथलाच, निजामाच्या काळापासून हैदराबादशी बांधलेल्या शेतकरी घराण्यातला. मिशनऱ्यांच्या शाळेत शिकला, तिथल्या हॉलमधल्या पियानोनं त्याला जो नाद लावला तो विजेच्या खात्यात नोकरी करूनही सुटला नाही. कोठी भागात जुन्या पुस्तकांच्या फूटपाथवर एका रेकॉर्डला एका बाजूनं मेधानं आणि दुसऱ्या बाजूनं त्यानं हात घातला, ही त्यांची ओळख. दोघंही सोडेनात. शेवटी मेधा म्हणाली, "रेकॉर्ड मी घेते, तुम्ही रविवारी ऐकायला या." तो आला तो येतच राहिला.

त्यांचा एक खेळ होता. त्याला ते 'पारख' म्हणायचे. एकच रचना, दोन निरनिराळ्या वादकांनी वाजवलेली, पाठोपाठ लावायची. कोण वाजवतंय ते फक्त अविनाशला माहीत. ऐकून झालं की दोघांनी सांगायचं, पहिलं की दुसरं, आणि का. त्या 'का'साठीच सगळा खटाटोप होता. परदेशी नावं उच्चारताना शिवराजची जीभ अडखळायची आणि मेधा हसायची, म्हणून वादकांना टोपणनावं पडली होती. त्यातल्या दोघांवरून मात्र कायमचं वाजलं होतं. शूबर्ट नावाच्या संगीतकाराचा एक संथ तुकडा होता. तो व्हिएन्नाच्या एका म्हाताऱ्यानं स्टुडिओत वाजवलेला, आणि एका रशियन बाईनं भर मैफलीत. बाईच्या रेकॉर्डिंगमध्ये मध्येच श्रोत्यांतलं कुणीतरी खोकतं. शिवराज म्हाताऱ्याचा, मेधा बाईची. केस काळे होते तेव्हापासून हा तंटा चालू होता, आणि दोघांपैकी कुणीही तसूभर हललं नव्हतं.

गंमत म्हणजे मेधा तेच मुद्दे पुन्हा कधी मांडायची नाही. शिवराज एखादा बिनतोड मुद्दा काढायचा, अविनाशला वाटायचं, आता संपलं. मेधा चहाचा घोट घ्यायची, क्षणभर खिडकीबाहेर बघायची आणि कुठूनतरी असं काही काढायची की शिवराज मांडीवर थाप मारून म्हणायचा, "वहिनी, याचं उत्तर पुढच्या रविवारी." अविनाश पियानो ऐकायचाच नाही. तो या दोघांना ऐकायचा. त्याची मैफल ती होती.

मेधा गेली त्याला आता वर्ष होत आलं होतं. पोटाचं दुखणं निघालं आणि बघता बघता तिला घेऊन गेलं. दिवस झाल्यावर पहिल्याच रविवारी शिवराज मेट्रोनं आला. हातात पद्मावतीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं दिलेला बगारा भाताचा डबा. काही न बोलता तो आपल्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "लाव."

त्यानंतर काही रविवारांनी एक गोष्ट घडली. अविनाशनं म्हातारा आणि बाई लावली. संपल्यावर शिवराज म्हणाला, "अविनाश, मला वाटतं वहिनीचं बरोबर होतं."

अविनाशला तिथल्या तिथे रडू फुटलं. इतक्या वर्षांचा तंटा, आणि मेधा जिंकली! शिवराज गेल्यावर तो तिच्या फोटोसमोर उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "ऐकलंस का? हरला एकदाचा." मग अमेरिकेत रात्र आहे हे विसरून त्यानं अनिकेतला फोन लावला. पोरानं झोपेत ऐकून घेतलं आणि "बरं झालं, बाबा" म्हटलं. त्याला काय कळलं असेल देव जाणे. पण त्या दिवसापासून अविनाश जरा नीट जेवायला लागला. रविवारी मधूनमधून तो तीच जोडी लावायचा, आणि शिवराज दर वेळी बाईच्या बाजूनं कौल द्यायचा. तोंडातही मेधाचीच भाषा असायची. "म्हातारा इमानदार आहे, पण घरातलं माणूस गेलंय हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. या बाईला सांगितलंय." हे मेधाचं वाक्य. ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना अविनाशच्या अंगावर काटा यायचा. तिचं म्हणणं जगात कुणालातरी पटलं, याचा त्याला आधार होता. दुसरा कुठला आधार त्याच्याजवळ नव्हता.

तर वर्ष भरत आलं तेव्हाच्या एका रविवारी काय झालं, की अनिकेतनं मागे येऊन गेला तेव्हा सगळ्या रेकॉर्डी फोनमध्ये भरून दिल्या होत्या आणि अविनाशचा अंगठा भलतीकडे पडला. म्हातारा लावतोय अशा समजुतीत त्यानं बाई लावली आणि चहा टाकायला आत गेला. म्हाताऱ्याच्या वेळी तो नेहमीच आत जायचा. आलं किसताना बाहेरून खोकल्याचा आवाज आला. "पाणी देऊ का रे?" त्यानं विचारलं. उत्तर आलं नाही. चहा उतू जायला लागला आणि पाणी द्यायचं राहून गेलं.

कप घेऊन तो बाहेर आला तोवर तुकडा संपत आला होता. मग त्यानं बाई लावली, या वेळी नीट बघून, आणि शिवराजसमोर बसला. मध्यावर तो ओळखीचा खोकला आला. मघाशी शिवराज खोकलाच नव्हता. त्यानं फोन बघितला. एकच रेकॉर्डिंग दोनदा लागलं होतं.

क्षणभर त्याला मजाच वाटली. आता शिवराज त्याला फाडून खाणार. एकदा मेधाच्या देखत अशी चूक झाली होती, तेव्हा दोघांनी पहिल्या चार सुरांतच त्याला पकडलं होतं आणि महिनाभर चिडवलं होतं.

शिवराजनं डोळे उघडले, कानातलं यंत्र बोटानं जरा सारखं केलं. ते यंत्र सगळ्यांच्या ओळखीचं होतं. "हे फक्त पद्मावतीसाठी आहे, संगीताला माझं काही अडत नाही," असं तो म्हणायचा आणि पद्मावती कपाळाला हात लावायची.

"पहिला म्हातारा," शिवराज म्हणाला. "साफ वाजवतो, कुठं डाग नाही. पण किती कोरडं की रे! आणि दुसरी ही बाई. डावा हात बघ कसा थकून थकून येतो. हौ, वहिनीचं बरोबर होतं."

 अविनाशनं हातातला कप खाली ठेवला.

"शिवराज," तो म्हणाला, "दोन्ही वेळा बाईच होती."

शिवराजचा चेहरा उतरला.  खिडकीखालून भाजीवाल्याची तेलुगूतली हाळी येत होती, तेवढीच काय ती खोलीत होती.

"तुला ऐकू येत नाही," अविनाश म्हणाला.

"येतं. तू बोलायलास ते येतं." शिवराजनं मान खाली घातली. "पियानो येईना गेलाय. पियानो लागला की बेगम बाजारात भांड्यांच्या गल्लीत कुणीतरी मांडणी ढकलल्यासारखं होतंय. एक सूर दुसऱ्यासारखा लागत नाही. डॉक्टर म्हणला, नस गेली, आता ते यायचं नाही."

"कधीपासून?"

"वहिनी दवाखान्यात होती तेव्हापासून. तेव्हा कुणाला सांगणार होतो?"

"मग मला दर वेळी ओळखायचास कसं? बाई कुठली ते?"

"तू चष्मा काढतोस की. बाई लागली की चष्मा काढून डोळे पुसतोस. म्हातारा लागला की चहा टाकायला जातोस." तो जरासा हसला. "आज तू आत गेलास. मला वाटलं, म्हातारा."

अविनाशला राग आला. असा राग त्याला कित्येक वर्षांत आला नव्हता. वर्षभर हा माणूस समोर बसून भांड्यांचा आवाज ऐकत होता आणि माना डोलवत होता! आणि रागाच्या पाठोपाठ त्याच्या ध्यानात आलं ते फार वाईट होतं.

"म्हणजे वहिनीचं बरोबर होतं, हे तू..."

शिवराजनं समोरचा कप उगाच बाजूला सरकवला.

"ऐकून नाही म्हणालास ते. तुला पटलं नव्हतंच."

"अविनाश, तू जेवत नव्हतास रे," शिवराज काकुळतीला येऊन म्हणाला. "पद्मावती डबा द्यायची, तो तसाच्या तसा परत यायचा. तू भिंतीकडे बघत बसायचास. मला दुसरं काय देता आलं असतं? वहिनीची वाक्यं मला पाठ आहेत. तेवढीच होती माझ्याजवळ, ती देत गेलो."

अविनाश उठून खिडकीशी गेला. म्हणजे मेधा जिंकली नव्हती. तिच्या फोटोसमोर उभं राहून त्यानं तिला खोटंच सांगितलं होतं. मेधाच्या नावावर त्याचीच समजूत काढली गेली होती, आणि तो लहान मुलासारखा खूश होऊन जेवायला बसला होता. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त, मेधा पुन्हा एकदा गेल्यासारखं वाटलं. पहिल्या वेळी निदान आजूबाजूला माणसं होती.

"पुढच्या रविवारपासून मी यायला नको असेल तर सांग," शिवराज मागून म्हणाला. "मी राग मानणार नाही."

अविनाश वळला. "एक खरं सांग. तुला ऐकू येत होतं तेव्हाचं. कोण बरोबर? म्हातारा की बाई?"

"नक्को ना आता."

"सांग. मेधाची शपथ आहे तुला."

 हळूहळू शिवराजची पाठ ताठ झाली. अविनाशनं ती ताठ पाठ वर्षभर बघितली नव्हती.

"म्हातारा," तो म्हणाला. "म्हाताराच. वहिनी चुकत होती, अविनाश, शेवटपर्यंत चुकत होती. ती बाई दुःख थांबून थांबून दाखवते. जणू म्हणते, बघा, मला किती दुखतंय. म्हातारा दाखवत नाही. तो चालत राहतो. अरे, मयतीबरोबर आपण चालतोच की नाही? रस्त्यात थांबून कुणी रडत नाही, खांदा द्यायचा असतो. वहिनीला नेलं तेव्हा तू चाललास. मी चाललो. तेव्हा मला म्हाताराच आठवत होता. त्याला काही कळलेलं नाही असं नाही. त्याला सगळं कळलंय, म्हणून तो थांबत नाही."

बोलता बोलता त्याचे डोळे चमकायला लागले होते. हा शिवराज अविनाशच्या ओळखीचा होता. रविवारी मेधासमोर बसायचा तो हाच.  हा मुद्दा नवा होता. मेधानं तो कधी ऐकलेला नव्हता. मेधा नसताना तिला हरवणं त्याला सहन होईना. तिच्या बाजूनं कुणीतरी उभं राहायलाच हवं होतं, आणि घरात तो एकटाच होता.

"नाही," तो म्हणाला.  "बाईच बरोबर. कारण म्हातारा इमानदार आहे, पण घरातलं माणूस गेलंय हे त्याला कुणी..."

"ते झालं," शिवराज म्हणाला. "त्याला आत्ताच उत्तर दिलं की मी. पुढं बोल."

"बाई थांबते, कारण..."

"हौ. कारण?"

अविनाशनं खिडकीबाहेर बघितलं, मेधा बघायची तसं. बाहेर मेट्रोचा पूल होता, दोरीवर वाळत घातलेले शेजाऱ्यांचे कपडे होते. ती उत्तरं कुठून काढायची ते त्यानं कधी विचारलंच नव्हतं. त्याला वाटायचं, पुढच्या रविवारी कळेलच.

"मला नाही येत रे," तो म्हणाला. "तिला आलं असतं."

"आलं असतं," शिवराज म्हणाला. तो खुर्चीत पुढे सरकून बसला होता, कानाशी हात धरून, नेहमी मेधाच्या उत्तरासाठी बसायचा तसाच. अविनाश त्याच्यासमोर येऊन बसला. मेधा यावर काय म्हणाली असती, ते दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.